पुडिंगला आजी हवी

फोटोवाल्याने पुठ्ठ्याचं खोकं उघडलं आणि आतून एक टोप काढला. पांढऱ्या केसांचा, मागे अंबाडा घातलेला.

"हा कुणासाठी?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी, आजी. तुमचे केस छान आहेत हो, पण आजीचे वाटत नाहीत."

माझे केस मी तरुणपणी कापले ते कायमचे. दिवसभर गॅसशेजारी उभं राहायचं काम होतं आणि वेणीचं टोक एकदा जळालं होतं. पुढे पांढरे व्हायला लागले तसे काळे करायला लागले, ते अजून करते. मला मूलबाळ नाही, त्यामुळे नातवंडांचा प्रश्न येत नाही. आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच ओट्याशी उभा राहून हा गृहस्थ मला आजी व्हायला सांगत होता. तळपायाची आग मस्तकात गेली असं मी म्हणाले असते, पण ती आठवडाभर आधीच मस्तकात जाऊन बसली होती. का, ते सांगते.

मी एका साप्ताहिकात स्वयंपाकाचं पान सांभाळायची. कामाला लागले तेव्हा छपाई शिशाच्या अक्षरखिळ्यांची होती. छापखान्याच्या मागे दोन शेगड्यांची एक खोली होती, तिला सगळे 'चूल' म्हणायचे. टपालाने आलेली प्रत्येक पाककृती त्या खोलीत करून पाहिल्याशिवाय पानावर जायची नाही. शाई आणि परतलेला कांदा यांचा एकत्र वास कसा असतो हे सांगणारी माणसं आता फार उरली नसतील. मला तो अजून येतो, विशेषतः सकाळी, अर्धवट झोपेत. खिळे जुळवणारे काळे हात घेऊन दारात यायचे आणि मी म्हणायची, "आधी हात धुवा, मग बोला."

नियम एकच होता. कागदावर आहे तेवढंच करायचं. मीठ लिहिलं नसेल तर मीठ घालायचं नाही. बिचाऱ्या छापखान्याने किती अळणी रस्से खाल्ले त्याला गणती नाही. एकदा एक जण म्हणाला, "बाई, चिमूटभर घालायला काय जातं?" मी म्हटलं, "तुझं काही जात नाही रे, पण जिने ही ओळ वाचून आयुष्यात पहिल्यांदा पातेलं चढवलंय, तिचं अख्खं जेवण जातं."

निवृत्त झाले, तरी हे डोक्यातून गेलं नाही. पाच-सहा माणसं शनिवारी माझ्याकडे यायला लागली. घरी उत्तम स्वयंपाक करणारी, आणि तो लिहून कुठेतरी छापून यावा अशी इच्छा असलेली. बहुतेक बायका, त्यांत एक घरी केक करून विकणारी, आणि एक निवृत्त बँकवाले. त्यांना वाटायचं, लिहायचं म्हणजे छान छान शब्द लागतात. शब्दांचं काही अडत नाही. अडतं ते असं, की माणूस जे रोज करतो ते त्याला दिसेनासं होतं. एकीने लिहून आणलं, 'नेहमीसारखं परतावं.' मी विचारलं, "तुझं नेहमीचं मला काय ठाऊक?" दुसरीने झाकणाचा उल्लेखच केला नव्हता. म्हणाली, "झाकण काय सांगायचं मावशी, ते तर ठेवतातच!" म्हणून मी एक पद्धत ठेवली. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने करायचं, आणि लिहिणाऱ्याने समोर स्टुलावर तोंड मिटून बसायचं. बँकवाले तोंड मिटायचे, पण मांडीवर बुक्क्या मारायचे. त्या बुक्क्यांवरून करणाऱ्याला कळायचं की काहीतरी चुकतंय. शेवटी त्यांना हाताची घडी घालून बसवायला लागले.

या मंडळींत एक होती मुंगी.

मुंगी हे तिच्या वडिलांनी ठेवलेलं नाव. लहानपणी कधीही शोधा, साखरेच्या डब्याशी सापडायची. आता चाळिशीची बाई, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते आणि वडिलांना घेऊन माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. तिची आई ती पाच-सहा वर्षांची असताना गेली. मावशी, आत्या, आजी, कुणी म्हणजे कुणी नव्हतं. वडील बसवर कंडक्टर. कुणी प्रवासी सीटवर साप्ताहिक विसरून गेला की ते घरी आणायचे आणि त्यातलं माझं पान काढून ठेवायचे. मुलगी उलट्या खोक्यावर उभी राहून ओट्याशी, दोन्ही हात पिठात. बाप दाराच्या चौकटीत, गणवेश न उतरवता, पान हातात घेऊन. वाचायचे ते बसमध्ये थांबे पुकारतात तसं.

"चला, दूध आलं, दूध! एक कप! साखरवाले पुढे सरका! मुंगे, साखर चढली का?"

"चढली!"

"मग डबल बेल!"

अशी ती मुलगी स्वयंपाक शिकली. छापलेल्या कागदावरून, आणि तो वाचणाऱ्या बापाच्या तोंडून.

तिच्या लेखाचा विषय होता शिळ्या पावाचं पुडिंग. त्यांच्याकडे ओव्हन नव्हता, म्हणून तिने ते डब्यात घालून, डबा पातेल्यातल्या पाण्यात ठेवून वाफवायचं ठरवलं. पाणी आत जाऊ नये म्हणून झाकण गच्च दाबून लावलं. थोड्या वेळाने झाकण उडालं ते थेट छताला, आणि मागोमाग पुडिंग. बापाने तिकिटांची पिशवी डोक्यावर धरली आणि तिला पोटाशी ओढलं. मग दोघं हसत सुटले. वर बघत बाप म्हणाला, "मुंगे, वाफेलाही उतरायला दार लागतं."

तिने लेखात हे सगळं लिहिलं होतं, आणि त्याच ओघात पुढे, 'तेव्हापासून मी झाकण नुसतं वर ठेवते, दाबत नाही.' मी ते वाचलं आणि लाल पेन खाली ठेवलं. माझ्या हातून पेन सहजासहजी खाली ठेवलं जात नाही. बँकवाल्यांनी कागदाप्रमाणे पुडिंग केलं, मुंगी स्टुलावर गप्प बसली, आणि डबा उपडा केल्यावर ते थरथरत उभं राहिलं. वरून करपवलेल्या साखरेचा रस ओघळला. केकवाली म्हणाली, "आता हे छापलं नाही तर मी त्या साप्ताहिकाच्या दारात उपाशी बसेन." आणि दुसरा तुकडा घेतला.

लेख आम्ही माझ्याच जुन्या साप्ताहिकाकडे पाठवला. कचेरी आता सगळी काचेची आहे. 'चूल' कुठे गेली विचारलं तर कुणाला कळेना मी काय म्हणते ते. स्वयंपाकाच्या पानाची संपादिका तिशीतली, बोलायला इतकी गोड की मी तिचं नाव मनात गोडबोली ठेवलं. तिने आम्हा दोघींना बोलावून घेतलं.

"अप्रतिम!" गोडबोली म्हणाली. "मी तर वाचताना रडले. असंच लिहीत राहिलात ना, तर हे पान दर आठवड्याला तुमचंच. खरं सांगते, मला कायमचं माणूस हवंच आहे."

मुंगीने टेबलाची कड धरली. ते पान! ज्या पानावरून ती पोटापुरता स्वयंपाक शिकली, ते पान तिचं होणार होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मलाच गलबललं.

"फक्त एक छोटासा बदल," गोडबोली पुढे म्हणाली. "आपल्याला आजी हवी."

"कुणाची?" मी विचारलं.

"यांची."

"हिने आजी पाहिलेली नाही."

"म्हणूनच आपण देऊ या! म्हणजे पुडिंग आजीने शिकवलं. मांडीवर बसवून. सुरकुतलेले हात, मंद आच, असं."

"हिचे वडील आहेत की त्यात."

"बाबा गोडच आहेत हो, मॅडम. पण आजी म्हटलं की ऊब येते. बाप म्हटला की प्रश्न येतात. आई कुठे गेली? मग दुःख येतं. पुडिंगच्या आधी दुःख कुणाला हवंय?"

"अहो," मी म्हटलं, आणि माझा आवाज त्या काचांतून पार पलीकडे गेला असणार, कारण तिकडची डोकी वर झाली, "ज्याला आजी आहे त्याला पाककृती लागतेच कशाला? तो आजीला विचारेल! आपण लिहितो ते ज्याला घरात विचारायला कुणी नाही त्याच्यासाठी. परगावी खोली घेऊन राहणारा पोरगा, बायको गेलेला माणूस, आई नसलेली मुलगी. हे पान म्हणजे त्यांचं विचारायचं ठिकाण. आणि हे पान वाचून शिकलेली एक बाई तुमच्यापुढे बसली आहे, तर तुम्ही तिलाच सांगता की तू आजीकडून शिकलीस म्हण?"

गोडबोली हसली. "मॅडम, तुमचा काळ वेगळा होता."

हे वाक्य मला हल्ली दर दोन दिवसांनी कुणीतरी ऐकवतं. माझा काळ वेगळा होता म्हणजे काय? तेव्हा काय बाप नव्हते?

जिना उतरताना मी मुंगीला म्हटलं, "चल, दुसरीकडे पाठवू."

"नको, मावशी."

"नको म्हणजे?"

"छापू दे त्यांना आजी. मला ते पान हवंय." ती थांबली, पण माझ्याकडे बघेना. "दिवसभर मी लोकांना विचारते, वरची ओळ वाचता येतेय का, खालची वाचता येतेय का. एकदा कुणीतरी मी लिहिलेली ओळ वाचावी असं वाटतं. माझ्या वयाच्या बाईला पहिल्यांदा कोण छापतं? तुम्हीच सांगा."

"आणि बाप?"

"बाबांना विचारते ना."

विचारलं. मी समोर होते. कंडक्टर आता ऐंशीला टेकलेत, पण आवाज तसाच, खालच्या मजल्यावर शिंकले तर माझ्याकडे भांडी वाजतात. ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांना सरकून जागा करून दिली. एका म्हातारीला दिली तर काय बिघडलं? बसू दे तिला. माझा स्टॉप तसाही जवळ आलाय."

"बाबा, काहीतरीच काय!"

"गंमत केली गं. छापून आण जा."

मग ते गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालायला लागले. सकाळीच मी त्यांना पाणी घालताना पाहिलं होतं. मुंगीनेही पाहिलं असावं.  मनात मी तिच्यावरसुद्धा चिडले, हे लपवत नाही. गोडबोलीवर चिडणं सोपं होतं, हिच्यावर अवघड, म्हणून जास्त चिडले.

तर असा तो टोप माझ्या घरी आला. फोटोला म्हातारी हवी होती, आणि मुंगीच्या ओळखीची म्हातारी मीच.

"टोप घालणार नाही," मी सांगितलं.

"शाल?" फोटोवाल्याने विचारलं.

"उकडतंय."

गोडबोली मध्ये पडली. "मॅडम, मुंगीताईंसाठी तरी."

तेवढ्यात फोटोवाल्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "थांबा, चेहरा नकोच. हात घेऊ. तुमचे हात मात्र अगदी आजी आहेत!"

माझे हात 'चुली'वर भाजलेले, सुऱ्यांनी कापलेले, पगारी नोकरीत म्हातारे झालेले हात आहेत. त्यांना कुणाच्या मायेच्या सुरकुत्या म्हणून छापायचं होतं. मुंगी माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुडिंगचं जड पातेलं खालून उचलून आणलं होतं कंडक्टरांनी. ते ओट्याशेजारी उभे राहिले, आपल्याच पुडिंगकडे बघत. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

"बाबा, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर," गोडबोली म्हणाली. "अजून थोडं. सावली येतेय. असं करता का, जिन्यात उभे राहता?"

ते जिन्यात जाऊन उभे राहिले. जाताना दाराशी सवयीने म्हणाले, "चला, पुढे सरका."  मुंगी डब्यावरून सुरी फिरवत होती, कडा सुटल्या होत्या तरी फिरवत होती.

निघताना मी गोडबोलीला विचारलं, "प्रूफ कधी दाखवणार?"

"पाठवते ना, मॅडम."

पाठवलं नाही. आमच्या वेळी लेखिकेने पाहिल्याची सही असल्याशिवाय पान मशीनवर चढत नसे. पुन्हा माझा काळ. असो.

अंक आला. मुंगी धावत वर आली, पायात एकच चप्पल. माझे हात अर्ध्या पानावर, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आजीच्या उबदार हातांचं पुडिंग'. त्याखाली मुंगीचं खरं नाव, आडनावासकट. तिने नावावरून बोट फिरवलं. मी तिला तेवढा वेळ दिला. मग चष्मा लावून वाचायला घेतलं. आजी होती, भरपूर होती. मांडी होती, मंद आच होती, 'मायेचा ओलावा' होता. सामान बरोबर. कृती बरोबर. डबा पाण्यात ठेवावा, झाकण लावावं, मंद आचेवर...

"मुंगे," मी म्हटलं. "झाकणाची ओळ कुठाय?"

तिने पान ओढून घेतलं. वरून खाली वाचलं, पुन्हा वरून खाली. तिचा चेहरा उतरला.

"ती बाबांच्या वाक्यात होती," ती म्हणाली.

बाप काढला, तशी बापाची सगळी वाक्यं काढली. वाफेला दार लागतं हे बापाच्या तोंडी होतं आणि झाकण दाबायचं नाही हे त्याच्या शेपटाला, तेही गेलं. आजीला जागा करायची होती ना! राहिलं नुसतं 'झाकण लावावं'. आणि 'लावावं' म्हटल्यावर नवशिका माणूस काय करतो? दाबून लावतो. अंगठ्यांनी, चारही बाजूंनी.

मी कचेरीत फोन केला. उत्तर मिळालं, "अंक गेला, मॅडम."

रविवारी घरोघरी पुडिंग झालं. सोमवारी मुंगीच्या दुकानात एक बाई फुटलेला चष्मा घेऊन आली. "काय सांगू," ती म्हणाली, "त्या साप्ताहिकातलं पुडिंग करत होते. डबा फुटला की तोफ उडाली तेच कळेना. कोण आहे ती लिहिणारी, तिला स्वतःला तरी येतं का करता?" मुंगीने त्या बाईच्या नाकावर फ्रेम नीट बसवून दिली आणि नाव सांगितलं नाही. संध्याकाळी येऊन माझ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मावशी, माझा शनिवार बंद. मला लिहायचं नाही." आणखी कुणाच्या पंख्यात पाव अडकला होता, कुणाचं मनगट पोळलं होतं. ते मनगटाचं ऐकल्यावर ती रडली. पहिल्यांदा नाव छापून आलं, आणि ते लोकांच्या तोंडी शिवीसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर म्हणाले, "उठा. कचेरीत चला. तिघंही."

गोडबोली त्या दिवशीही गोडच होती, फक्त थोडी घामेजली होती. तिच्या टेबलावरचे दोन्ही फोन वाजत होते आणि ती ते वाजू देत होती. "आम्ही वेबसाइटवर लगेच बदललंय," ती म्हणाली. "पुढच्या अंकात एक बारीकशी दुरुस्तीही टाकतो. 'लेखिकेच्या नजरचुकीने' असं."

"कुणाच्या?" मी विचारलं.

"म्हणजे एक पद्धत असते मॅडम, तसं म्हणायची."

मी उठून उभी राहिले. माझे गुडघे असे झटक्यात उठू देत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. "पद्धत मला सांगू नका! पद्धत अशी असते की ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापायची आणि चूक कुणाची ते खरं लिहायचं. आमच्या छापखान्यात एका जुळाऱ्याने चमच्याची वाटी केली होती, खायच्या सोड्याची. त्याने स्वतः जुळवली त्याची दुरुस्ती, 'चूक जुळाऱ्याची' असं लिहून. त्याला कुणी काढलं नाही. आणि तुम्ही या बाईचं नाव घेता? तिने लिहिलं होतं! तिचा बाप खोडताना तुम्ही खोडलंत! एक नसलेली बाई आत आणलीत आणि एका असलेल्या माणसाला जिन्यात उभं केलंत. मग लोकांचे डबे फुटणार नाहीत तर काय!"

"मॅडम, प्लीज, आवाज..."

फोन वाजतच होता. मुंगीने हात पुढे करून तो उचलला. मला वाटलं, बंद करायला.

"हॅलो. हो. हो, ते पुडिंग लिहिणारी मीच बोलतेय." पलीकडची बाई जे बोलली ते आम्हाला टेबलापलीकडे ऐकू आलं. मुंगीने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. हाताला लागलं का कुणाच्या? नाही ना? बरं. झाकण दाबायचं नसतं. नुसतं ठेवायचं. ती ओळ माझ्या वडिलांची होती, ती छापताना गेली. नाही हो, आजी नाही. वडील. ते वाचायचे आणि मी करायचे. हो, खरंच." पलीकडचं ऐकून ती किंचित हसली. "तुमच्याकडेही वडीलच का? मग त्यांना सांगा, साखर करपू लागली की लगेच उतरवा, आणि हाक मारा."

दुसरा फोन वाजला. कंडक्टरांनी गोडबोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. उचलला आणि ती सबंध कचेरी दणाणली.

"हॅलो! बोला! पुडिंग? झाकण काढा, झाकण! अहो, वाफेलाही उतरायला दार लागतं! कोण म्हणजे? मी तिचा बाप!"

दुपारपर्यंत ते दोघं त्या टेबलाशी बसले. मी एक खुर्ची घेऊन मध्ये बसले, कुणी हलवू नये म्हणून. ज्याचं मनगट पोळलं होतं तो एक मुलगा निघाला, परगावी खोली घेऊन राहणारा. मुंगीने त्याची माफी मागितली, स्वतःची चूक नसताना. मला ते पटलं नाही. तिला पटलं. त्याने विचारलं, उरलेल्या पावाचं आणखी काय करता येईल, तेव्हा तिने त्याला तेही सांगितलं.

गोडबोलीने मधल्या एका शांत क्षणी म्हटलं, "दुरुस्ती तुम्हीच लिहा मग." गोड नव्हती तेव्हा. माणसासारखी बोलली, म्हणून मी तिला तेवढ्यापुरती माफी दिली. ती मला फार वेळ टिकवता आली नाही. कारण मुंगी लिहायला बसल्यावर ती कंडक्टरांकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा जुना गणवेश आहे का हो घरी? टोपी? तिकिटांची पिशवी? आता मला वाटतं, बापसुद्धा चालेल. फोटो काय सुंदर होईल!"

मुंगी लिहिता लिहिता म्हणाली, "फोटो पुडिंगचा काढा." मान वर न करता.

त्या पानाचं पुढे काही ठरलेलं नाही. गोडबोली अजून 'बघू' म्हणते. केकवालीनेही लेख पाठवलाय, तिला तिने परवा विचारलं, तुमची आजी हयात आहे का. माझा राग उतरलेला नाही, उतरवायचा विचारही नाही. या वयात एवढं एकच गरम उरतं. पण मुंगी शनिवारी येते, स्टुलावर बसते, आणि पुढच्या अंकात, त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हे छापून आलं. खाली तिचं नाव होतं. एक शब्दसुद्धा कुणी बदललेला नाही, मी मूळ कागदाशी ताडून पाहिलं.

'दुरुस्ती. गेल्या अंकातील पुडिंगच्या पाककृतीत "झाकण लावावे" असे छापले आहे, तेथे "झाकण नुसते वर ठेवावे, दाबू नये" असे वाचावे. तसेच जेथे जेथे "आजी" छापले आहे, तेथे तेथे "वडील" असे वाचावे. चूक संपादकांची. वडील बरोबर होते.'